चौथ्या कडव्यासह वाचावे

मी, लोविना थर्लो हॅस्केल, येथील चर्चचे कारभारी म्हणजे डीकन, कै. ऑरिन हॅस्केल, यांची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार टॉलबरी, राज्य व्हरमाँट, हे माझे पहिले आणि अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असतं आणि सगळेच ते ओलांडून पुढे घराकडे आणि शेताकडे धावतात. माझ्या बाबतीत तसं करू नये. या गावात माझ्या बुद्धीविषयी फार वर्षं हळहळत बोललं जातंय. हा एकच कागद असा आहे, ज्यावर तीन शहाण्या माणसांना शपथेवर लिहून द्यावं लागतं की ही बाई जे बोलते ते तिला कळतं. अशा कागदाची मी बरीच वाट पाहिली.

कलम पहिले. माझा देह टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत, माझ्या आईशेजारी पुरावा. चर्चमागच्या नव्या दफनभूमीत डीकनशेजारी माझी जागा तयार आहे, हे मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे, कारण गावानेच ती तयार केली. शिवण-मंडळाच्या बायकांनी ऑयस्टरच्या, म्हणजे कालवांच्या, जेवणाच्या पंगती घालून पैसे जमवले आणि तो दगड उभा केला. वर कोरलेलं विलोचं झाड रडतंय, खाली कलश, मधे डीकनचं नाव. त्याच्याखाली कोरलंय, ‘त्याची शोकाकुल पत्नी लोविना’. पुढे माझ्या मरणाच्या सालातलं ‘१८’ एवढं कोरून उरलेली जागा मोकळी सोडली आहे. नवरा गेला की त्याच दगडावर बायकोचंही नाव उरकून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. दर रविवारी मी त्या दगडासमोरून जाते आणि तो माझ्याकडे, कधी येतेस, अशा थाटात बघतो. एकोणीसशे साल उजाडेपर्यंत जगून त्या ‘१८’ची फजिती करावी असं फार मनात होतं, पण गुडघे ऐकत नाहीत.

त्यातला ‘शोकाकुल’ हा शब्द खोटा आहे. मी शोकाकुल नव्हते. हे मी संपादकाला सांगितलं, पाद्रीसाहेबांना सांगितलं, शिवण-मंडळाला सांगितलं, भाच्याला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आता लेखी सांगते.

कलम दुसरे. माझी कविता, जी सगळ्यांना पाठ आहे आणि कोणीच वाचलेली नाही.

डीकन वाईट माणूस नव्हता असं सगळे म्हणतात. खरंच आहे, बाहेर तो वाईट नव्हता. घरात तो दिव्यातलं तेल काडी बुडवून मोजायचा. मला आलेली पत्रं आधी स्वतः वाचायचा आणि मग त्यांत काय आहे ते मला सांगायचा. दिवा कधी विझवायचा, खिडकी किती उघडायची, मी पहाटे कधी उठायचं, हे त्याच्या मर्जीवर. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या कवितांचे कागद त्याने चूल पेटवायला घेतले, आणि चर्चच्या पुढच्या जेवणात तेच गंमत म्हणून सांगितलं. लोक हसले. मीही हसले, कारण तिथे न हसणारी बायको म्हणजे भांडकुदळ बायको. पुढे तो छाती भरून आजारी पडला. मी त्याला बार्लीचं पाणी पाजलं, रात्री जागवल्या, शेवटी डोळे मिटवले. माझ्या कर्तव्यात कसूर झालेली नाही, हे तोही कबूल करेल, जर त्याला तिथे कोणी बोलू देत असेल तर.

त्यानंतरच्या वसंतात एके दिवशी मी उशिरा उठले. ऊन पांघरुणावर आलं होतं आणि मला कोणी काही बोललं नव्हतं. त्या दिवशी मी चार कडव्यांची कविता लिहिली. तिचं नाव ‘मोकळी सकाळ’. पहिलं कडवं जगाला माहीत आहे:

एकच ताट मांडते आता, एकच पेला,
जिन्यावरचा बुटांचा तो आवाज गेला;
खुर्ची त्याची तशीच आहे चुलीशेजारी,
दिवा एकटा जळत बसतो माझ्या उशाला.

मधली दोन याच चालीवर आहेत. चौथं जगाला माहीत नाही. ते असं:

कुणी न म्हणतं, तेल किती हे जाळतेस बाई,
पहाटवेळी उठायची मज नाही घाई;
खिडकी उघडी टाकून मी निजते खुशाल,
देवा, इतकं सुख दिलंस, विसरणार नाही.

आता यात न कळण्यासारखं काय आहे ते मला सांगावं. पण हे कडवं तेव्हा छापलंच गेलं नाही. गावच्या साप्ताहिकाचे संपादक मि. पेटिबोन यांनी कवितेला ‘विधवेचा दिवा’ असं नाव दिलं आणि शेवट कापला. मी जाब विचारायला गेले, तर हातातली कात्रीही खाली न ठेवता म्हणाले, “रकान्यात तीनच बसत होती, हॅस्केलबाई. खाली घोड्याच्या मलमाची जाहिरात होती. आणि खरं सांगू का, चौथ्याची गरजच पडली नाही. तिसऱ्यालाच आमच्या हिला रडू फुटलं.”

मग आपल्या वर्तमानपत्रांच्या रीतीप्रमाणे एकाने दुसऱ्याचं उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. पेटिबोनचं मलम मागे राहिलं आणि माझी तीन कडवी न्यूयॉर्कपासून ओहायोपर्यंत रडत गेली. बायकांनी ती कात्रून वह्यांत चिकटवली. पाद्र्यांनी प्रवचनात घेतली. बॉस्टनच्या एका विद्वानाने लिहिलं की वृत्तात दोन जागी गडबड आहे, परंतु ही विधवा अश्रूंनी लिहिते आणि अश्रूंना मात्रा मोजता येत नाहीत. त्या दोन जागा पेटिबोनने मोडल्या होत्या. एका विधुराने लग्नाची मागणी घातली. त्याच्या दोन बायका आधी गेल्या होत्या, आणि आता आपल्या मागे असं रडणारं कोणीतरी असावं अशी त्याची इच्छा होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे तर म्हैस मरायच्या आधीच चरवी घेऊन दारात उभी.

पुढे बॉस्टनच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढलं. मी चौथं कडवं जागच्या जागी बसवलं आणि मनात म्हटलं, आता कळेल. कळलं काय, तर कोणा चावट पुरुषाने विधवेच्या पवित्र शोकाला हे शेपूट चिकटवलंय! निषेधाची पत्रं आली, सोबत कात्रणं, पुरावा म्हणून. शिवण-मंडळाच्या अध्यक्ष फिलेना क्रोवेल तर स्वतःची चिकटवही छातीशी धरून माझ्या घरी आल्या.

“ही बघा खरी कविता,” त्या म्हणाल्या. “तीन कडव्यांची.”

“क्रोवेलबाई, ती मी लिहिली आहे,” मी म्हटलं. “चारही मीच लिहिलीत.”

“लिहिली असतील तुम्ही. पण माझ्याकडे चिकटवलेली आहे ना!”

मी त्यांना भोपळ्याच्या केकची एक फोड दिली. त्यांनी ती खाल्ली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि जाताना माझ्या मोलकरणीला सांगून गेल्या की बाईंना एकटं सोडत जाऊ नका, दुःख डोक्यात गेलंय. दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकाने कडवं काढून टाकलं. खाली टीप घातली, ‘कवयित्रीच्या भावनांचा मान राखून’.

तरी या कलमान्वये ठरवून ठेवते की ही कविता यापुढे छापायची तर चारही कडव्यांची छापावी. जागा नसेल तर नुसती मलमाची जाहिरात छापावी, तिचा कोणालातरी उपयोग होतो. तसेच हे मृत्युपत्र वारसा-कोर्टाच्या दप्तरात उतरवून घेतलं जाईल, तेव्हा कारकुनाने वरचं कडवं शब्दन् शब्द उतरवावं. कोर्टाला काही कापता येत नाही असं मी ऐकून आहे. असा संपादक मला आयुष्यात भेटला नाही.

कलम तिसरे. ओहायोचे एक कर्नल दहा वर्षं छापून सांगताहेत की ‘विधवेचा दिवा’ ही कविता त्यांनी छावणीत, ढोलावर कागद ठेवून लिहिली. बाईमाणसाला इतकं खोल दुःख झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं. कर्नलसाहेबांना मी पहिली तीन कडवी कायमची देऊन टाकते. चौथं त्यांनी कधी मागितलं नाही. त्यांच्या पत्नी हयात आहेत असं कळतं. तीन कडव्यांना पुरेल एवढं दुःख त्या बाईंना कर्नलसाहेबांकडून मिळत असेल.

कलम चौथे. परसातल्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात केस आहेत. देशभरच्या विधवांनी आपापल्या मेलेल्या नवऱ्यांच्या बटा मला पाठवल्या, पिवळ्या, करड्या, तेलकट, एक तर उघडउघड खोट्या केसांच्या टोपाची. मी कोणाच्याही मागितल्या नव्हत्या. टाकून देववत नाहीत, कारण पाठवणाऱ्यांतल्या काही खरंच रडल्या असतील आणि त्यांच्यावर मी हसत नाही. ही पेटी चर्चमागच्या दफनभूमीत, डीकनशेजारी माझ्यासाठी राखलेल्या जागेत पुरावी. जागा वाया जाणार नाही, आणि डीकनला बरोबरीच्या माणसांची सोबत होईल.

कलम पाचवे. माझा भाचा, रेव्हरंड अल्विन थर्लो, माझ्या भावाचा एकुलता मुलगा. याला मी डीकनची खुर्ची देते. हीच ती कवितेतली खुर्ची, जी पाहायला लोक बग्ग्या करून येतात आणि जिच्या पाठीला हात लावून रुमाल काढतात. ती एक दिवसही रिकामी राहिलेली नाही. डीकन गेल्यापासून तिच्यात मांजर झोपतं. पाहुणे आले की अल्विन आधी मांजराला हुसकतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, “आत्याने या खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही.” मांजर त्याला मिळणार नाही.

खुर्चीला एक अट आहे. मला पुरताना अल्विनने माझी कविता चारही कडव्यांसह, आवाज न पाडता आणि मधे खोकला न काढता म्हणावी. नाही म्हटली तर खुर्ची फोडून चुलीत घालावी. कागद गेले त्या चुलीला हेही चालेल.

अल्विन, तू वाईट नाहीस. तू लहानपणी इथे यायचास तेव्हा माझ्या कवितांना पोट धरून हसायचास. पुढे तू पाद्री झालास आणि तुला माझ्या दुःखाचा मान मिळायला लागला. मग तुझं हसू कुठे गेलं, ते मला खरंच कळलं नाही. याचं मला वाईट वाटतं.

कलम सहावे, आणि मुख्य. माझं राहतं घर, परस, सफरचंदाची झाडं, भांडीकुंडी, लिहिण्याची पेटी आणि मांजर मी हुल्डा बेमिस हिला देते. ही एसा बेमिसची बायको, तोच एसा, ज्याने माझा दगड कोरला. घर तिच्या एकटीच्या मालकीचं आणि एकटीच्या उपभोगाचं राहील. त्यावर तिच्या नवऱ्याचा हक्क, ताबा, देखरेख वा सल्ला चालणार नाही. या शब्दांसाठी मी बर्लिंग्टनच्या वकिलाकडे जाऊन आले. ‘सल्ला’ हा एक मी घातला.

आता गाव विचारेल, हुल्डाच का? दगड बसवला त्या दिवशी मंडळाच्या सगळ्या बायका माझ्या दिवाणखान्यात केक खात रडत होत्या. एसा बाहेर गाडीवर बसून हाका मारत होता. हुल्डा मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. कविता तिने मंडळाने नवऱ्याला दगडाच्या मजकुरासोबत दिलेल्या कागदावर वाचली होती.

“बाई, एक विचारू? त्याच्यापुढे अजून काहीतरी होतं ना?”

मी विचारलं, कशावरून?

“दिवा जळत बसलाय ना उशाला,” ती म्हणाली. “म्हणजे घरात कोणी तेल बघणारं राहिलं नाही. तिथून पुढे माणूस रडेल कशाला?”

मी तिथल्या तिथे पिठाच्या पिंपावर बसले. मग तिला चौथं कडवं म्हणून दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. बाहेरून तिसरी हाक आली तेव्हा एप्रनला हात पुसून म्हणाली, “माझा अजून जिवंत आहे,” आणि गेली. तिच्या मनगटावर काय होतं ते मी पाहिलं. घरोघरी मातीच्या चुली हे मलाही कळतं, पण काही घरांत चुलीतला निखारा अंगावर येतो. त्यानंतर दोनदा ती रात्र काढायला माझ्याकडे आली आणि दोनदा गावच्या पाद्रीसाहेबांनी (अल्विनने नव्हे) तिला समजावून परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्यांनी तिला उपदेश म्हणून माझीच तीन कडवी ऐकवली. नवरा असतो तोवर त्याची किंमत कळत नाही, म्हणे. त्या दिवशी मला कविता लिहिल्याचा पश्चात्ताप झाला असता, पण राग इतका होता की पश्चात्तापाला जागा उरली नाही.

तेव्हा एवढंच सांगते. माझी कविता लोकांनी वाटेल तशी वाचली, मी सोसलं, माझं काही अडलं नाही. पण हा कागद तसा वाचला गेला तर हुल्डाला जायला घर राहणार नाही.

कलम सातवे. माझ्या बुद्धीवर शंका घेऊन कोणी हे मृत्युपत्र रद्द करायला जाईल, आणि तो अल्विनच असेल. म्हणून साक्षीला डॉ. सायलस व्हिटलॉक यांना बसवलं आहे. दोन वर्षांपूर्वी अल्विननेच त्यांना माझं वेड तपासायला आणलं होतं. त्यांनी मला राष्ट्राध्यक्षांची नावं उलटी म्हणायला लावली, मी म्हटली आणि वर त्यांनी चुकवलेलं एक दुरुस्त केलं. त्यांनी नाराजीने लिहून दिलं की वेड सापडत नाही. वेड शोधायला आलेल्यानेच शहाणपणाची शपथ घ्यावी, याहून भक्कम काय असणार? दुसरे साक्षीदार शाळेचे मास्तर एबेन फ्लँडर्स. हेच माझ्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक. मास्तर हळवे आहेत, पण लिहिलेला शब्द गाळत नाहीत. तिसऱ्या साक्षीदार डॉक्टरांच्या पत्नी मर्सी. यांना काहीही विचारलं की उत्तर डॉक्टर देतात. तब्येत कशी आहे म्हटलं तरी डॉक्टरच सांगतात, आम्ही मजेत आहोत.

सह्यांपूर्वी, त्याच बैठकीत वाढवलेले. वरचं सगळं मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या कडव्याशी त्यांनी रुमाल काढला. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, “किती सोसलंत हो, बाई. सुख म्हणताना सुद्धा किती रडलाय तुमचा जीव.” मी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. ते पुन्हा वाचून जास्तच रडले. डॉक्टर म्हणाले, कविता बरी आहे, पण बाईने देवाचे आभार पतीबद्दल मानायला हवे होते. मी हात टेकले. ही माणसं शपथेवर माझी अक्कल मान्य करणार आणि तरीही मी काय म्हणते ते ऐकणार नाहीत.

मग डॉक्टर घोड्यावर कांबळं टाकायला बाहेर गेले आणि मास्तर खिडकीशी जाऊन नाक शिंकरू लागले. तेवढ्यात इथे हजर असलेल्या एका जिवाने माझ्या खुर्चीपाशी वाकून विचारलं, “हुल्डाच्या त्या घरात वरची खोली कोणाला लागणार आहे का?” कोणी विचारलं ते मी लिहीत नाही. हे पाकीट लाखेने बंद होईल आणि माझ्या मागेच उघडेल.

म्हणून कलम आठवे. वरच्या खोलीत बिछाना कायम घातलेला असावा. दाराला आतून कडी बसवावी, लोखंडी, आणि ती एसाकडून घेऊ नये. जी येईल तिला का आलीस आणि किती दिवस राहणार असं हुल्डाने विचारू नये. कोणी न्यायला आलं तर दार आतून उघडायचं की नाही, हे जी आत असेल तिने ठरवावं.

हे सर्व मी वाचून पाहिलं, मला मान्य आहे, आणि यातलं एक अक्षरही दुःखाच्या भरात लिहिलेलं नाही.

स्थळ टॉलबरी, व्हरमाँट. तारीख १८ ऑक्टोबर १८८८.

(सही) लोविना थर्लो हॅस्केल

वरील बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत व समजून-उमजून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केल्या:

(सही) सायलस व्हिटलॉक, डॉक्टर

(सही) एबेन फ्लँडर्स, शिक्षक

(सही) मर्सी व्हिटलॉक, वरील डॉक्टरांची पत्नी. हिची सही डॉक्टर करून देत होते. तिने टाक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः केली. लो. थ. हॅ.